गुंतवळ : आईच्या डोक्यावरचं पदार्थविज्ञान

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालेली असतात. गॅसवर एकीकडे दूध, दुसरीकडे तवा. लेकीची शाळेची रिक्षा साडेसातला येते आणि माझी जनरल शिफ्ट नऊला सुरू होते. तिच्या दोन वेण्या घालून, रिबिनी बांधून झाल्या की माझ्या डोक्यासाठी चार मिनिटं उरतात. त्या चार मिनिटांत कंगवा एका जागी अडतो. मी ओढते, कट्कन आवाज होतो आणि दातांत केसांचा पुंजका राहतो. तो बोटाभोवती गुंडाळून खिडकीच्या गजात खोचायचा, उरलेले केस रबरात कोंबायचे आणि निघायचं. आरसा फक्त टिकली मधोमध बसली का ते बघायला.

त्या पुंजक्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, गुंतवळ. पूर्वी बायका ते साठवून ठेवत, त्याचंच गंगावन करून वेणीत गुंफत. आजही गल्लीत केसांवर भांडी किंवा फुगे देणारी बाई येते. अशा घराघरांतल्या केसांची निवड-साफसफाई करून टोप बनवण्याचा मोठा धंदा कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात चालतो. म्हणजे मी खिडकीत खोचते ते टाकाऊ नाही, तो कच्चा माल आहे. कच्च्या मालाची तपासणी करणं हेच माझं काम. जालना एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोखंड वाकवून, ताणून, तोडून बघते. एका दुपारी वाटलं, जी बाई सळई का तुटली याचा रिपोर्ट लिहू शकते, तिला आपला केस का तुटला हे सांगता येऊ नये?

हे प्रकरण म्हणजे तो रिपोर्ट.

सळईसारखा केस

जालन्याची ओळख दोन गोष्टींनी झाली, बियाणं आणि लोखंड. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि बियाण्यांच्या कंपन्यांचं गाव अशी जालन्याची ख्याती झाली. औरंगाबाद रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या आणि रोलिंग मिल उभ्या राहिल्या, त्यातून आजचं ‘स्टीलचं जालना’ झालं. इथे तयार होते ती टीएमटी सळई. ती रोलमधून हजार अंशांच्या आसपास लालभडक बाहेर पडते आणि लगेच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून जाते. बाहेरचा थर झटक्यात थंड होऊन कडक होतो, आतला गाभा सावकाश थंड होऊन मऊ आणि लवचीक राहतो. सळईचा तुकडा घासून नायटल या आम्लाच्या द्रावणात बुडवला की बाहेरचं गडद कडं आणि आतला फिकट गाभा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर असाच दिसतो. बाहेर सहा ते दहा थरांचं कडक कवच असतं. त्याचे खवले घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि त्यांची तोंडं टोकाच्या दिशेला असतात. आत केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा लवचीक गाभा असतो. सळईला कडक बाहेर, मऊ आत करायला आम्हाला पाण्याचे पंप लागतात. त्वचेतलं एक बारीकसं मूळ हे काम चोवीस तास करतं, तेही एक लाखाच्या आसपास ठिकाणी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. डोक्यावरच्या सगळ्या वाढत्या केसांची एका दिवसाची वाढ एकापुढे एक ठेवली तर तीसेक मीटर भरते.

आता ताकद. एक साधा केस सत्तर-ऐंशी ग्रॅम वजन पेलतो, एखाद्या मोठ्या अंड्याहून जास्त. सारख्याच जाडीला तोलला तर तो सळईपुढे हरतो. फे-५००डी प्रतीच्या सळईला मानकानुसार दर चौरस मिलिमीटरला निदान ५६५ न्यूटन ताण सोसावा लागतो, केस दोनशेच्या आसपास तुटतो. पण लोखंड केसापेक्षा सहापट जड आहे. वजनाला वजन लावून हिशेब केला तर केस सळईहून दुप्पट मजबूत ठरतो. हा हिशेब लॅबमधल्या पोरांना दाखवला तेव्हा एकानं हळूच आपल्या डोक्यावरून हात फिरवला. तिथे फारसा माल शिल्लक नव्हता.

मग इतका मजबूत केस सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी का तुटतो? कारण मी तो ओला ओढते. केराटिनच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारे काही बंध पक्के असतात, गंधकाचे. ते सहजी सुटत नाहीत. दुसरे असतात हायड्रोजनचे, कच्चे, पण संख्येने भरपूर. पाणी आत शिरलं की हे कच्चे बंध सुटतात, केस फुगतो, रबरासारखा ताणला जातो आणि थोड्या जोरानं तुटतो. न्हाऊन आल्या आल्या गुंता ओढून काढणं म्हणजे लालभडक सळईवर वजन टांगणं. तुटणारच.

दुसरी चूक दिशेची. आपण मुळाशी कंगवा घालून खाली ओढतो. त्यामुळे वरची प्रत्येक छोटी गाठ खाली सरकून पुढच्या गाठीला मिळते आणि टोकाशी त्यांची घट्ट गोळी होते. आधी टोकं सोडवायची, मग चार बोटं वर, मग आणखी वर. केसाचा वरचा भाग मुठीत धरला की ओढ मुळापर्यंत पोचत नाही. वेळ जास्त लागेल असं वाटतं, प्रत्यक्षात कमी लागतो. मी घड्याळ लावून पाहिलंय.

डोक्यावरची वेधशाळा

उन्हाळ्यात माझे केस कडक, चरचरीत आणि विजेनं भारलेले. कंगवा लावला की उभे राहतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की तेच केस फुलून टोपलीएवढे होतात. सासूबाई म्हणतात, “आज पाऊस येतोय बघ, तुझं डोकं बघूनच कळायलंय.” त्या थट्टा करतात, पण विज्ञान त्यांच्या बाजूनं आहे.

१७८३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र केलं आणि त्यात मोजपट्टी म्हणून माणसाचा केस लावला. चरबी काढून टाकलेला केस कोरड्या हवेत आखडतो आणि दमट हवेत लांबतो. अगदी कोरड्यापासून पूर्ण दमटापर्यंत फरक पडतो दोन ते अडीच टक्के. एवढ्याशा फरकावर काटा हलवणारी केसाची यंत्रं पुढे जगभरच्या वेधशाळांत दीड-दोनशे वर्षं चालली. म्हणजे माझ्या डोक्यावर एक लाख आर्द्रतामापक आहेत आणि ते सगळे चालू स्थितीत आहेत.

सरळ केस दमट हवेत सगळीकडून सारखे फुगतात, म्हणून शहाण्यासारखे पडून राहतात. कुरळ्या केसाचं मूळच त्वचेत वाकडं असतं, छेद गोल नसून लांबट असतो, त्यामुळे तो एका बाजूनं जास्त फुगतो आणि वळतो. शेजारचा केस वेगळ्या दिशेला वळतो. दोघांची गाठ पडते. याला आपण केसांचा हट्टीपणा म्हणतो. खरं तर ते शंभर टक्के नियमानं वागतात, आपल्याला तो नियम माहीत नसतो एवढंच.

इस्त्रीसारखं यंत्र फिरवून केस सरळ करणं म्हणजे हेच कच्चे बंध उष्णतेनं सोडवून नव्या जागी बसवणं. स्कूटीवरून एमआयडीसीत पोचेपर्यंत स्कार्फच्या आत घाम येतो आणि बंध पुन्हा जुन्या जागी. पार्लरमधल्या कायमच्या उपचारांत मात्र गंधकाच्या पक्क्या बंधांना हात घातला जातो, किंवा केसावर प्रथिनाचं आवरण चिकटवलं जातं. ‘केराटिन’ नावानं मिळणाऱ्या काही उपचारांत तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये ते माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत घातलं. तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचा, आणि वाचू देत नसतील तर खुर्चीतून उठा.

“लेकरू हसायलं की…”

लेक तीन महिन्यांची असताना मोरीची जाळी रोज तुंबायची. उशीवर केस, भाकरीच्या पिठात केस, तिच्या इवल्या मुठीत केस. मी घाबरून सासूबाईंना दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, लेकरू हसायलं, माणसं ओळखायलं, की आईचे केसं जातातच. येतील की परत.”

मला तेव्हा ती बाळाच्या हसण्याला लावलेली दृष्ट वाटली. नंतर वाचलं तेव्हा कळलं, त्यांचं निरीक्षण चोख होतं, फक्त कारण वेगळं होतं.

प्रत्येक केसाचं आयुष्य तीन टप्प्यांचं असतं. वाढीचा काळ दोन ते सात वर्षं, मग दोन-तीन आठवडे आवराआवर आणि मग साधारण तीन महिने विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो, त्याच मुळातून नवा येतो. एरवी हे टप्पे पाळीपाळीनं चालतात, म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळूनही डोकं भरलेलं दिसतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, ते केसांना वाढीच्या टप्प्यातच धरून ठेवतं. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात वेणी जाडजूड होते. बाळंतपण झालं की इस्ट्रोजेन झपाट्यानं उतरतं आणि थांबलेले सगळे केस एकदम विश्रांतीला जातात. ती विश्रांती तीन महिन्यांची. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळ्यांची शिफ्ट एकाच वेळी सुटते आणि गेटवर गर्दी होते. नेमक्या त्याच सुमाराला बाळ खळखळून हसायला आणि आईला ओळखायला लागतं. दोन्ही गोष्टींचं कॅलेंडर एक आहे, एकीमुळे दुसरी होत नाही.

सहा महिने ते वर्षभरात बहुतेकींचे केस भरून येतात. पण या भरून येण्याचाही एक त्रास आहे आणि तो कुणी सांगत नाही. नवे केस एकदम उगवतात, म्हणून सगळे एकाच उंचीचे, दोन-तीन सेंटिमीटरचे. वेणीत मावत नाहीत, पिनेत राहत नाहीत, कपाळावर आणि कानांमागे झालरीसारखे उभे राहतात. ज्या केसांना आपण सकाळी पाण्यानं चोपून बसवतो, ते बिघडलेले नसतात. ते नवे भरती झालेले कामगार असतात, अजून रांगेत उभं राहायला शिकायचे.

वर्ष उलटूनही गळती थांबली नाही तर मात्र तेलाची बाटली बदलू नका, रक्त तपासा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. लोह कमी पडलं की शरीर आधी हृदय आणि मेंदू सांभाळतं, केसांचा नंबर शेवटी लागतो. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणाऱ्या बाईसारखंच ते. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड, या तीन तपासण्यांतून बरंच कळतं. हळिवाचे लाडू बाळंतिणीला देत ते उगीच नाही, हळिवात लोह भरपूर असतं. मात्र जेवणावर लगेच चहा घेतला तर तो जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि लिंबू-मोसंबीतलं क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. ती पाहुण्यांना रस काढून देतो, तशी घरच्या बाईनं भाकरी-मेथीबरोबर एक सोलून खावी.

जड पाणी

आमच्या भागात पाणी दोन प्रकारचं, टँकरचं आणि बोअरचं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबण फुटत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. याला घरात ‘जड पाणी’ म्हणतात, शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन’. दख्खनच्या काळ्या खडकाच्या भेगांत मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची.

कारखान्यालाही हे पाणी नको असतं. शीतकरणाच्या नळ्यांत त्याचे थर बसतात, म्हणून तिथे पाणी हलकं करायचा सॉफ्टनर असतो आणि त्याची तपासणी लॅबकडे असते. फ्लास्कमध्ये पाणी घ्यायचं, सूचक घातल्यावर ते दारूसारखं लाल होतं, मग वरून ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचं, निळा रंग आला की थांबायचं. एकदा घरच्या बोअरची बाटली भरून नेली. सॉफ्टनरच्या पाण्याला काही थेंब लागतात. माझ्या मोरीच्या पाण्याला ब्युरेट रिकामी होत आली तरी रंग लालच. यंत्राच्या नळीला जे चालत नाही, ते मी वर्षानुवर्षं डोक्यावर ओतत होते.

या पाण्यात साबण लावला तर त्याचा चिकट, पांढरा साका होतो. तो खवल्यांवर बसतो, केस राठ होतात, एकमेकांना धरतात आणि गुंततात. शिवाय साबण क्षारधर्मी, त्यानं खवले उघडतात. शाम्पूचा साका होत नाही, कारण तो साबण नसून डिटर्जंट आहे. शिकेकाईतही साबण नसतो, सॅपोनिन असतं, आणि ती किंचित आंबट असल्यामुळे खवले मिटलेले राहतात. आजी शिकेकाईत आवळकाठी आणि लिंबाच्या साली घालून उकळायची, तिला पीएच हा शब्द माहीत नव्हता, पीएच माहीत होता. घाईच्या आईसाठी सोपा उपाय असा की शेवटचा तांब्या जड पाण्याचा घेऊ नका. पावसाचं किंवा नळाचं साठवलेलं पाणी घ्या, नाही तर तांब्याभर पाण्यात लिंबाचे आठ-दहा थेंब पिळा. एक मात्र करू नका. पाणी वाचवायचं म्हणून आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी न्हायला वापरू नका. त्यात सगळा काढून टाकलेला क्षार असतो, ते बोअरहून जड असतं.

पाण्याचा दोष असतो तसा त्याच्यावर आळही येतो. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना अचानक टक्कल पडू लागलं. केसाला हात लावला की पुंजका हातात. पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला, माणसं आंघोळीला घाबरू लागली. आयसीएमआरचं पथक आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः जाऊन नमुने गोळा केले. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे हे पद्मश्री डॉक्टर मूळचे आमच्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. त्यांचा निष्कर्ष निघाला की दोष रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमचा असावा. रुग्णांच्या रक्तात आणि केसांत ते कित्येक पट जास्त सापडलं आणि जस्त कमी. बऱ्याच जणांचे केस काही आठवड्यांत परत येऊ लागले. केसाचा आजार नेहमी केसावर नसतो, कधी तो ताटात असतो.

तेल आणि पुडी

‘शाम्पू’ हा शब्द आपण इंग्रजीतला समजतो, तो हिंदीतल्या ‘चाँपो’वरून गेला. पाटण्याच्या शेख दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ब्रायटनला चंपी-मालिशचं स्नानगृह काढलं, तिथून तो तिकडे रुजला आणि शतकभरानं बाटलीत भरून परत आला. बाटली परवडत नसलेल्यांपर्यंत तो पुडीतून पोचला. तमिळनाडूतल्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिकची पुडी आणली आणि आज एमआयडीसीच्या प्रत्येक टपरीवर पुड्यांच्या माळा लोंबतात.

तेलाचं म्हणाल तर त्यावर पक्कं संशोधन आपल्याकडेच झालंय. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. धुताना केसातून होणारा प्रथिनांचा ऱ्हास फक्त खोबरेलानं कमी झाला. त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतात, बाकीची तेलं वरवर राहतात. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगायला हवं. व्यवहारात अर्थ एवढाच, की तेल न्हाण्याच्या आधी लावा, रात्री किंवा निदान तासभर. तेलानं नवे केस उगवत नाहीत, आहेत ते वाचतात. जानेवारीत खोबरेल बाटलीत थिजतं, तेव्हा कोमट पाण्याच्या वाटीत बाटली ठेवायची. लॅबमधली माझी मैत्रीण ती टिफिनच्या पिशवीत, गरम डब्याला खेटून ठेवते.

अंबाडा हा सुरक्षेचा पोशाख

मोकळे केस शोभेचे, बांधलेले केस कामाचे. आजीचा घट्ट खोपा, खोचलेला पदर आणि मागे मारलेला कासोटा, हा शेतातल्या आणि जात्यावरच्या बाईचा कामाचा वेष होता. यंत्रं आल्यावर तो जास्तच खरा ठरला. फिरता पट्टा किंवा दांडा केसाची एक बट पकडतो तेव्हा मागे खेचायला सेकंदही मिळत नाही, आणि एका केसाची सत्तर ग्रॅमची ताकद तेव्हा वैरीण होते. हजारो केस एकत्र ओढले गेले तर ते तुटत नाहीत, डोक्याची कातडी सोलून निघते. मळणी यंत्रावर अशा जखमा झालेल्या बायका शस्त्रक्रियेच्या टेबलावर येत राहिल्या. मळणी यंत्रांच्या अशा अपघातांमुळेच १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या बायका कारखान्यांत गेल्या तेव्हा व्हेरोनिका लेक या नटीची एका डोळ्यावर सांडलेली केशरचना सगळ्यांच्या डोक्यावर होती. १९४३ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून तिनं केस वर बांधले आणि तसं बांधायचं आवाहन केलं. सोयाबीनच्या मळणीत आमच्याकडे अशी नटी कुणी पाठवत नाही. म्हणून इथेच लिहिते: वेणी घातली तरी ती लोंबती ठेवू नका. गुंडाळून अंबाडा करा, त्यावर रुमाल बांधा आणि पदर किंवा ओढणी खोचा. एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये, जिनिंगमध्ये, बियाण्याच्या ग्रेडिंगच्या यंत्राजवळही हेच. फक्त रोज एकाच जागी करकचून बांधू नका. सततच्या ओढीनं कपाळावरची रेषा मागे सरकते.

गुंत्याची जट होते तेव्हा

विंचरायला वेळ मिळाला नाही तर काय होतं? आठवडाभरात गुंता होतो. महिनोन्‌महिने तेल-पाणी-कंगवा लागला नाही, बाई आजारी पडली, बाळंतपणात खचली, एकटी पडली, तर खवल्यांत खवले अडकतात, मळ आणि घाम त्यांना सांधतो आणि लोकरीचा नमदा व्हावा तशी गाठ बसते. तिला म्हणतात जट. इथवर हे केवळ पदार्थविज्ञान आहे. यानंतर समाज येतो. “देवीचं आलंय, कापू नको, कोप होईल.” मग मान दुखते, उवा होतात, झोप उडते, लग्न मोडतं, आणि एकेकाळी तर पोरीला देवीला सोडलं जाई. २००९ च्या ‘जोगवा’ या चित्रपटात नायिका सुलीचं आयुष्य ज्या वळणावर फिरतं, ते वळण ही जटच आहे.

पुण्याच्या नंदिनी जाधव पूर्वी ब्युटी पार्लर चालवायच्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात आल्या आणि त्यांनी हातातली कात्री या कामाला लावली. गावोगाव जाऊन, घरच्यांशी तासन्‌तास बोलून, समजूत पटल्यावर त्यांनी शेकडो बायकांच्या जटा कापल्या. जट कापायला काही मिनिटं लागतात, भीती कापायला महिने. त्या कात्रीनं देवीचा कोप झाल्याचं एकही उदाहरण नाही.

तीन पेड

या सगळ्यात मूळ तुटवडा तेलाचा किंवा शाम्पूचा नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. माझ्या डोक्यावरच्या चार मिनिटांचं मूळ या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात आहे.

माझा नवरा याच एमआयडीसीत क्रेनच्या देखभालीला आहे. क्रेनच्या वायर रोपचे पेड तो डोळ्यांनी तपासतो, एखादी तार तुटली तर बोटानं ओळखतो. पण लेकीची वेणी म्हटली की, “मला नाही जमत ते.” एका रविवारी मी त्याच्यापुढे तिला बसवलं आणि म्हटलं, “रोपला सहा पेड असतात ना? इथे तीनच आहेत. उजवा मधल्यावर, मग डावा मधल्यावर.” पहिली वेणी कानावर आली. दुसरी मानेत वळली. तिसऱ्या रविवारी भांग वाकडा होता, पण वेणी शाळा सुटेपर्यंत टिकली. आता रोज सात वाजता एक वेणी तो घालतो, एक मी.

त्यानं मला किती मिनिटं मिळाली? सात. त्या सातांत मी कोरड्या केसांची टोकं आधी सोडवते, मग वर जाते. गुंतवळ अजूनही खिडकीच्या गजात खोचते, पण पुंजका निम्म्यावर आलाय. बाकी उपाय या प्रकरणात सांगितलेच आहेत: ओल्या केसांना ओढू नका, न्हाण्याआधी खोबरेल, शेवटचा तांब्या हलक्या पाण्याचा, यंत्रापाशी अंबाडा, वर्षभर गळती राहिली तर रक्ततपासणी. पण त्यांतला एकही उपाय चार मिनिटांत बसत नाही. म्हणून वाचणाऱ्या बापांना, भावांना आणि आजोबांना सांगणं एवढंच, की वेणी तीन पेडांची असते आणि ती शिकायला तीन रविवार पुरतात.